‘हेबिअस कॉर्पस’

वर्तमानपत्रांत ‘हेबिअस कॉर्पसचा अर्ज’ हे शब्द आपण पुष्कळदां वाचतां. त्यांचा अर्थ ‘सुटकेचा अर्ज’ असा सरसकट केला जातो. मींही शाळेंत कित्येक वर्षें तोच सांगितला. तो अर्थ बरोबर नाहीं.

लॅटिनमध्यें ‘कॉर्पस’ म्हणजे शरीर, आणि ‘हेबिअस’ म्हणजे ‘तुजपाशीं असावें’. न्यायासनापुढें येतांना कैद्याचें शरीर तुजपाशीं असावें, अशी ही आज्ञा; आणि ती कैद्यास नसून त्याला डांबून ठेवणाऱ्यास आहे. ‘सोड’ असा शब्द त्यांत कोठेंच नाहीं. ‘त्याला आण, आणि कां धरलास तें सांग,’ एवढीच मागणी. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठांत ‘देहोपस्थिती’ हा शब्द योजला आहे, तो म्हणूनच मला नेमका वाटतो.

पण कारण म्हणून कांहींही सांगितलें तर चालेल काय? १६२७ सालीं इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजानें सक्तीचें कर्ज नाकारणाऱ्या पांच नाइटांस कैदेंत टाकलें. कारण विचारतां उत्तर आलें, ‘राजाची विशेष आज्ञा’! न्यायाधीशांनीं त्यांना जामीनहि दिला नाहीं. पुढें १६७९ च्या कायद्यानें कैदी हजर करण्यास दिवसांची मुदत घातली आणि कुचराई करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यास पहिल्या खेपेस १०० पौंड दंड ठेवला.

या आज्ञेची धांव कोठवर, याचा वाद आपल्याच मुलखांत झाला. १८२८ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें पुण्याच्या पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांस फर्माविलें कीं, ताब्यांत ठेवलेला मोरो रघुनाथ यास कोर्टापुढें हजर करावें. पुण्यावर अंमल कंपनीचाच, पण तें मुंबई बेटाबाहेर. ढमढेरे तर पेशव्यांचे आप्त. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं आज्ञेची तामिली होऊं दिली नाहीं. तशांत सर एडवर्ड वेस्ट व सर चार्ल्स चेंबर्स हे दोघे न्यायाधीश त्याच वर्षीं वारले आणि सर जॉन पीटर ग्रँट एकटे उरले. गृहस्थ असा हट्टी, कीं १८२९ च्या एप्रिलांत त्यानें कोर्टाचे दरवाजेच बंद केले! मला तो आततायी वाटतो. पण ज्याची आज्ञा सरकारच पाळीत नाहीं तें कोर्ट कसलें, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल मात्र त्याच्याविरुद्ध गेला: मुंबईबाहेरच्या अशा रहिवाशावर त्या कोर्टाचा अधिकार नाहीं.

घटनेच्या ३२ व २२६ या कलमांनीं हा अधिकार देशभर पोंचला. तरीहि आणीबाणींत, २८ एप्रिल १९७६ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं स्थानबद्धांना असा अर्ज करतांच येत नाहीं असें ठरविलें. विरोध एकट्या हंसराज खन्नांचा. त्या चौघांत पुण्यांत जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २०१७ सालीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें तो निर्णय चुकीचा ठरवून मोडीत काढला. त्या वेळीं मुख्य निकालपत्र लिहिलें तें त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनीं.