पाहणे, वाचणे आणि काळावरील सत्ता

महाजालावरील आशय वाचावा की पाहावा, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत बहुधा अभिरुचीच्या परिभाषेत मांडला गेला आहे. कुणाला मजकूर सोयीचा वाटतो, कुणाला चित्रफीत. आणि आवडीनिवडीबद्दल वाद घालू नये, अशा समजुतीने चर्चा तेथेच थांबते. ती पुढे गेलीच, तर दोन ठरावीक भूमिकांत विभागली जाते. एकीकडे वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाचा शोक असतो, तर दुसरीकडे नव्या माध्यमाच्या अपरिहार्यतेचा जयघोष. या दोन्ही भूमिकांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ग्राहकाची पसंती ही आधीच सिद्ध असलेली वस्तू आहे आणि माध्यमे केवळ तिच्या मागे जातात, असे त्या मानतात. इतिहास मात्र या गृहीतकाला दुजोरा देत नाही. पसंती घडवली जाते. लिपीची सोय, साधनाची किंमत, मोजमापाची पद्धत आणि सत्तासंबंध यांतून ती आकार घेते. शिवाय वाचणे आणि पाहणे यांतील खरा भेद अक्षर आणि प्रतिमा यांच्यातील नसून, आशय ग्रहण करतानाच्या काळावर कुणाची सत्ता चालते, हा आहे.

संहिता म्हणजे वाचनाची वस्तू, हे समीकरणच मुळात अलीकडचे आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाविरुद्ध जो आक्षेप घेतो, त्याचा गाभा असा की लिहिलेला शब्द प्रश्नाला उत्तर देत नाही. तो तेच ते पुन्हा सांगत राहतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या बिशप अँब्रोजला ओठ न हलवता वाचताना पाहून ऑगस्टिनला ते दृश्य नोंदवून ठेवावेसे वाटले. प्राचीन काळी मूकवाचन अज्ञातच होते, असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे ठरेल. पण वाचन आणि उच्चार यांचे साहचर्य किती गाढ होते, हे त्यातून दिसते.

मराठी परंपरेत हे साहचर्य अधिकच ठळक आहे. ज्ञानेश्वरी ही १२९० मध्ये श्रोत्यांसमोर सांगितलेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली रचना. श्रोत्यांना उद्देशून केलेली विनवणी, त्यांच्या अवधानाची याचना, त्यांच्या उत्सुकतेची दखल हे सारे त्या ग्रंथाच्या रचनेचेच घटक आहेत. लेखन येथे श्रवणाला पर्याय म्हणून येत नाही. ते श्रवणाची स्मृती म्हणून येते. पुढे एकनाथांनी १५८४ मध्ये या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा संहितेची स्थिरता हे स्वतंत्र मूल्य ठरले. तरी ग्रंथाचा उपभोग मात्र पारायण, प्रवचन आणि कीर्तन यांतूनच होत राहिला. सिंधुदुर्गातील पिंगुळीची चित्रकथी परंपरा तर चित्र, गायन आणि निवेदन यांचा एकत्रित प्रयोग आहे. सांगणाऱ्याने एक चित्र बाजूला सारून दुसरे पुढे केले, की कथा पुढे सरकते. येथे काळ सांगणाऱ्याच्या हाती आहे. परंतु श्रोते समोर असल्याने ती सत्ता निरंकुश नाही. त्यांचा कंटाळा, हुंकार किंवा प्रश्न कथनाची गती बदलू शकतो.

एकट्याने, मुकाट्याने वाचणारा मराठी वाचक हे एकोणिसाव्या शतकाचे अपत्य आहे, असे म्हणता येईल. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये छापले गेले; ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला; आणि त्याच बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रसिद्ध केली. पोथीतील ओळ शब्दांमध्ये अंतर न ठेवता सलग लिहिलेली असे. ती फोडण्याचे काम वाचणाऱ्याचा कंठ करी. छापील पुस्तकात शब्द सुटे झाले. ज्या विरामचिन्हांच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते, त्यांनी थांबण्याची आणि वळण घेण्याची स्थाने डोळ्यांना दाखवून दिली. कंठाचे काम कागदाने पत्करले. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’सारखी (१८५७) कृती अशा एकान्तातील वाचकाची शक्यता गृहीत धरूनच उभी राहते.

या वाचकाला जे नवे मिळाले ते केवळ ज्ञान नव्हे. ते काही अधिकार होते. थांबण्याचा, मागे जाण्याचा, पाने गाळण्याचा, दोन पुस्तके शेजारी ठेवून ताडून पाहण्याचा आणि वक्ता समोर नसताना त्याच्याशी असहमत होण्याचा अधिकार. समीक्षा नावाचा व्यवहार या अधिकारांवर उभा आहे. अर्थात ते सर्वांना मिळाले नाहीत. ज्यांना अक्षरओळखच नाकारली गेली होती, त्या जाती आणि स्त्रिया यांच्या दृष्टीने छापील पान हे बंद दारच होते. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा प्रश्न केवळ साक्षरतेचा नव्हता. काळावरील या नव्या सत्तेत वाटा कुणाला मिळणार, याचाही तो होता. मजकुराची बाजू घेणाऱ्याने हा इतिहास विसरून चालणार नाही.

विसाव्या शतकातील यांत्रिक माध्यमांनी काळ पुन्हा सांगणाऱ्याच्या हाती दिला. आणि या वेळी श्रोत्याचा हुंकारही त्याच्यापर्यंत पोहोचेनासा झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. मूकपटात मजकुराच्या पाट्या होत्या. पण त्या किती वेळ पडद्यावर राहतील, हे वाचणारा ठरवत नव्हता. अक्षर असूनही तेथे वाचकाचा अधिकार नव्हता, ही बाब महत्त्वाची आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने प्रसारित केलेले ‘गीतरामायण’ ठरल्या वेळी ऐकावे लागे. त्यातील छप्पन्न गीते १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हाच ती रसिकाच्या सवडीची झाली. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेने रविवारची सकाळ देशभर एकाच घड्याळाला बांधली. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे वर्णन करताना ‘प्रवाह’ ही संकल्पना वापरली, ती येथे उपयुक्त ठरते. प्रेक्षक एखादा कार्यक्रम पाहत नसून दूरचित्रवाणी पाहत असतो. घटकांच्या सीमा पुसून टाकणारी अखंडता हाच त्या माध्यमाचा विशेष. हा विशेष यंत्राच्या स्वभावातून आपोआप निपजतो, असे मात्र विल्यम्स मानत नाहीत. त्यामागे संस्था आणि त्यांचे हेतू असतात, असा त्यांचा आग्रह आहे.

महाजालाच्या इतिहासाने हा आग्रह खरा ठरवला आहे. आरंभीचे महाजाल मजकूरप्रधान होते, ते वाचनाच्या आवडीमुळे नव्हे. जोडणीची क्षमता तुटपुंजी होती म्हणून. मराठीपुरते बोलायचे तर तो मजकूरही सहजसाध्य नव्हता. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत (१९९१) देवनागरीला स्थान मिळाले होते. तरी पुढे कित्येक वर्षे मराठी संकेतस्थळे स्वतंत्र संकेतांकनाच्या टंकांवर चालत. टंक उपलब्ध नसेल, तर पानावर निरर्थक चिन्हे उमटत आणि शोधयंत्राला त्यातील काहीच उमगत नसे. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. बोललेल्या मराठीला टंकाची अडचण नव्हती. त्यातच सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर भारतात मोबाइलवरील डेटाचे दर झपाट्याने कोसळले आणि चित्रफीत पाहणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मराठी भाषकाने मजकूर ‘सोडून’ चित्रफीत ‘निवडली’, असे म्हणण्यापूर्वी या दोन पर्यायांच्या वाटेवरील अडथळे सारखे नव्हते, हे लक्षात घ्यावयास हवे.

पसंती किती कृत्रिम रीतीने घडवली जाते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. २०१५ ते २०१७ या काळात तेथील अनेक वृत्तसंस्थांनी लोकांना आता वाचायचे नसून पाहायचे आहे, असे मानून लेखक कमी केले आणि चित्रफितींकडे मोर्चा वळवला. एमटीव्ही न्यूज, मिक, व्होकॅटिव्ह यांसारख्या ठिकाणी २०१७ मध्ये लेखकांच्या नोकऱ्या गेल्या. या समजुतीला मोठा आधार फेसबुकवरील आकड्यांचा होता. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये त्या कंपनीनेच मान्य केले होते की, चित्रफीत पाहण्याचा सरासरी वेळ ६० ते ८० टक्क्यांनी फुगवून दाखवला गेला होता. कारण तीन सेकंदांपेक्षा कमी काळ पाहणारे हिशेबातूनच वगळले गेले होते. जाहिरातदारांनी भरलेला दावा २०१९ मध्ये चार कोटी डॉलर देऊन मिटवण्यात आला. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०१६ मधील अभ्यासात तीस वृत्तसंकेतस्थळांवरील भेटींच्या वेळेपैकी सरासरी केवळ अडीच टक्के वेळ चित्रफितींच्या पानांवर जात असल्याचे आढळले होते. चित्रफितींची वाढ ही ग्राहकांच्या मागणीपेक्षा तंत्रज्ञान, मंच आणि प्रकाशक यांनी रेटलेली आहे, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. येथे ‘प्रेक्षक’ हा प्रत्यक्ष माणूस नसून मोजमापाने निर्माण केलेली एक संहिता आहे. आणि त्या संहितेच्या चुकीच्या वाचनाची किंमत लिहिणाऱ्यांनी मोजली.

याचा अर्थ मजकूर श्रेष्ठ आणि चित्रफीत कनिष्ठ, असा होत नाही. महाजालावरील चित्रफितीने वाचकाचे काही अधिकार आत्मसात केले आहेत. ती थांबवता येते, मागे नेता येते, तिची गती वाढवता येते. उपशीर्षके आणि लिखित उतारा यांची जोड देता येते. वॉल्टर आँग यांनी १९८२ मध्ये ज्या ‘द्वितीयक मौखिकते’चे विवेचन केले, तिच्या पोटात अशी वाचनसदृश क्रिया दडलेली असेल, हे त्या विवेचनाच्या कक्षेबाहेरचे होते. उलट, अखंड सरकत जाणाऱ्या पटावरील मजकूर मात्र आपले अधिकार गमावत चालला आहे. पुढचे वाक्य कोणते दिसावे हे गणनविधी ठरवतो. मागचे पुन्हा सापडेलच असे नाही. अक्षर आहे, पण प्रवाह दूरचित्रवाणीचा आहे. शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. उरलेल्यांना बोलकी चित्रफीत हे ज्ञानापर्यंत पोहोचण्याचे एक खरेखुरे दार आहे. त्या दाराला ‘ऱ्हास’ म्हणणे हा जुन्याच मक्तेदारीचा नवा उच्चार ठरेल.

तरीही समीक्षेपुढे एक प्रश्न शिल्लक राहतो. मजकूर अवतरणात घेता येतो, त्याची पाठचिकित्सा करता येते, त्याच्या प्रती परस्परांशी ताडता येतात. चित्रफीत एखाद्या कंपनीच्या साठवणीत असते आणि कोणत्याही दिवशी नाहीशी होऊ शकते. आज मराठीतील व्याख्याने, मुलाखती, कीर्तने आणि लोकप्रयोग मोठ्या संख्येने या स्वरूपात साठत आहेत. त्यांचे संदर्भ कसे द्यावेत, लिखित उतारे कुणी सिद्ध करावेत, प्रती कोठे जतन कराव्यात, याची पद्धती मराठी अभ्यासव्यवहारात अद्याप स्थिरावलेली नाही. सच्चिदानंदबाबांनी ऐकलेले लिहून घेतले आणि एकनाथांनी लिहिलेले तपासले. श्रवणाला संहितेचे स्थैर्य देण्याची ही दोन कामे आहेत. वाचावे की पाहावे, या वादापेक्षा ती कामे आज कोण करणार, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. कारण जे ताडून पाहता येत नाही, त्याच्याशी असहमत होण्याचा अधिकारही हळूहळू उरत नाही.