ताऱ्याच्या हालचालीतून सापडलेला ग्रह

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला बाह्यग्रह दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून सापडला. ताऱ्याच्या झगमगाटात ग्रह दिसत नाही. पण त्याच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे होतो आणि वर्णपटातील रेषा आलटूनपालटून निळ्या व तांबड्या टोकाकडे सरकतात. १९९४ पासून मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी १.९३ मीटर दुर्बिणीवरील ‘एलोडी’ वर्णपटमापकाने हे सरकणे मोजले. ५१ पेगासी या ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटरने वरखाली होत होता. गुरूच्या जवळपास निम्म्या वस्तुमानाचा ग्रह त्याला अवघ्या ४.२ दिवसांत प्रदक्षिणा घालत होता. ऑक्टोबर १९९५ मध्ये शोध जाहीर झाला आणि महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूरच असतात, हा समज मोडला. २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा निम्मा वाटा या दोघांना मिळाला.