तळटीप : राणीसावरगावचा मातीचा वाडा

* राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील गाव. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. लेखात वर्णिलेला वाडा मराठवाड्यात पूर्वापार रूढ असलेल्या माळवदी पद्धतीचा होय. अशा घराच्या भिंती कच्च्या विटांच्या किंवा दगडमातीच्या असतात. परंतु त्याचे खरे वैभव छपरात आहे. खांब-तुळयांवर फळ्या वा काटक्या, त्यांवर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर चढवितात, पावसाळ्यापूर्वी नवी माती घालून धुम्मसाने चोपतात, आणि उजेडासाठी छपरातच सवणे राखतात. ही माती बहुधा जुन्या गढीची किंवा उजाड पांढरीची. तीतून पाणी झिरपत नाही, असा ग्रामस्थांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. तीच उकरताना क्वचित जुने नाणे वा मणी हाती लागतो, म्हणूनच भिंतीतील धनाच्या हंड्याची आणि त्यावर राखण करणाऱ्या नागाची आख्यायिका गावोगाव ऐकू येते. पेढी दूर आणि लुटीचे भय नित्याचे अशा काळात लोक द्रव्य खरोखरच पुरून ठेवीत, हे ध्यानी घेता तिला निव्वळ कल्पित म्हणवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच घरांनी सहस्रावधी जीव घेतले, तेव्हापासून माळवद बदनाम झाले. आमच्या मते दोष मातीचा नव्हे, तर छपराच्या वाढत गेलेल्या भाराचा आणि ओबडधोबड दगडांच्या, सांधेजोड नसलेल्या भिंतींचा होता. जेथे छपर भक्कम लाकडी सांगाड्यावर तोललेले होते, तेथे भिंती ढासळूनही ते अनेक ठिकाणी उभे राहिले. — संपादक