अपरिचित, सिबिल आणि नागपूरची शारदा

या भागाचं लिखित रूप देतोय, इयरफोन नसेल तर वाचून घ्या.

'अपरिचित' टीव्हीवर किती वेळा पाहिलाय? २००५ चा शंकरचा तमिळ 'अन्नियन', हिंदीत डब झालेला. विक्रम एकाच देहात तीन माणसं: भित्रा अंबी, रंगेल रेमो आणि खुनी अपरिचित. मुळाशी लहानपणी डोळ्यांसमोर गेलेली बहीण. लहानपणीचा घाव आणि त्यातून फुटलेली दोन-तीन माणसं, हा फॉर्म्युला अमेरिकेतून आला. १९७३ मध्ये 'सिबिल' नावाचं पुस्तक निघालं: आईच्या छळातून म्हणे सोळा व्यक्तिमत्त्वं. १९७६ मध्ये त्यावर टीव्ही फिल्म आली, आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत हा आजार स्वतंत्र नावानं आला. पुढे २०११ मध्ये पत्रकार डेबी नेथन यांनी दाखवलं, की त्या कथेत डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधांचा आणि सूचनांचा हात बराच होता.

आता खरी गंमत. 'सिबिल' आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, आपल्या वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर नागपुरात एक केस घडली. तिशी ओलांडलेली, विद्यापीठात शिकवणारी मराठी बाई. नाव छापून आलेलं आहे, पण मी घेणार नाही. अचानक ती बंगाली बोलायला लागली. मराठी कळेना, घरचे ओळखू येईनात. "मी शारदा," म्हणाली. साडी बंगाली पद्धतीनं, राहणी दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगाली सुनेची, आजची यंत्रं अनोळखी. साप चावला, एवढं तिला शेवटचं आठवायचं. कधी काही दिवस, कधी काही आठवडे शारदा राहायची, मग बाई परत यायची आणि तिला मधलं काहीच आठवायचं नाही.

इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी ही केस अभ्यासली, १९७९ मध्ये लेख छापला. शारदानं सांगितलेली काही पुरुषांची नावं बंगालमधल्या एका घराण्याच्या वंशावळीत सापडली. स्टीव्हन्सन पुनर्जन्माकडे झुकले. पण बाईला बंगाली लिपीची ओळख आधीच होती, बंगालची ओढही होती. भाषाशास्त्रज्ञ सारा थॉमसन यांना पुरावा पटला नाही. मलाही नाही पटत. लहानपणी तिला सापाची जबर भीती होती, हीच गोष्ट कुणी पूर्वजन्माची खूण म्हणून वाचली, तर कुणी आजच्या मनातला धागा म्हणून.

पण बघा ना, तेच लक्षण अमेरिकेत असतं तर "बालपणी काय झालं?" विचारलं असतं. इथं विचारलं, "मागच्या जन्मी काय झालं?" आणि गावात कुणी विचारलंच तर, "कुणाचं वारं लागलं?" १९८९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी अशा तीनच केसेस छापल्या. आपल्याकडे मन फुटतं ते बहुधा 'अंगात येण्या'च्या रूपात, असं त्यांचं म्हणणं.

अंगात आलेल्या पोरीला धूप आणि चाबूक मिळायचा. २०१३ पासून भूत उतरवायला मारहाण करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट. तिथं कुणी सोळा व्यक्तिमत्त्वं शोधत नाही. आधी विचारतात, झोप लागते का, घरात काय चाललंय.