सर्जनचा हात न सोडणारे यंत्र

यंत्र पायरीपायरीने सर्जनची जागा घेत गेले, असा शस्त्रक्रियेतल्या रोबोचा इतिहास बहुतेकदा सांगितला जातो. गेल्या चाळीस वर्षांतल्या घटना मात्र जवळजवळ उलट बोलतात. आपणहून कापणारी यंत्रे आधी आली आणि मागे पडली. फोफावली ती सर्जनच्या हाताबरहुकूम हलणारी. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे मेंदूच्या बायॉप्सीसाठी ‘प्यूमा ५६०’ हा कारखान्यासाठी बनवलेला यांत्रिक बाहू वापरला गेला. सीटी स्कॅनवरून सुईची दिशा त्याने धरून ठेवली, सुई आत घातली ती सर्जननेच. पुढच्या संशोधकांनी यंत्राला अधिक मोकळीक दिली. १९९१ मध्ये लंडनच्या ‘प्रोबॉट’ने प्रोस्टेटचा भाग स्वतः कापला, १९९२ मध्ये सॅक्रामेंटोत ‘रोबोडॉक’ने कृत्रिम खुब्यासाठी मांडीच्या हाडात आधीच ठरवलेल्या मापाची पोकळी कोरली. कोरीवकाम नेमके होते. तरीही पुढे जर्मनीत या यंत्राविरुद्ध रुग्णांच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरणे न्यायालयात गेली.

सर्जनच्या हाताबरहुकूम हलणारी यंत्रेच का फोफावली, याचे उत्तर शरीरातच आहे. हाड घट्ट धरून ठेवता येते, त्यामुळे काल काढलेला स्कॅन आजही खरा असतो. पोटात तसे नसते. आतडे सरकते, श्वासागणिक यकृत हलते, रक्त आले की दृश्यच बदलते. तिथे आधी आखलेला नकाशा पुरत नाही, क्षणाक्षणाला निर्णय घेणारा माणूस लागतो. म्हणून अमेरिकी लष्कराच्या मदतीने रणांगणावरच्या जखमींसाठी जे संशोधन झाले, त्याने सर्जनचा हातच दूरवर पोचवण्याचा मार्ग धरला. त्या संशोधनातून ‘दा विंची’ घडले. १९९७ मध्ये त्याच्या आधीच्या नमुन्याने बेल्जियममध्ये पित्ताशय काढले गेले आणि २००० साली अमेरिकेत दा विंचीला परवानगी मिळाली. ७ सप्टेंबर २००१ रोजी ‘झ्यूस’ या दुसऱ्या यंत्राने न्यूयॉर्कमधल्या सर्जनांनी स्ट्रासबुर्गमधल्या रुग्णाचे पित्ताशय काढले. एवढे जमूनही ही यंत्रे मुख्यतः रुग्णाच्याच खोलीत वापरली गेली, कारण खरी गरज महासागर ओलांडण्याची नव्हतीच. अरुंद छिद्रातून मनगट वळवण्याची होती. दा विंची हाताचा कंप गाळते, हालचाल लहान करते आणि सर्जनने यंत्र चालवण्याच्या कन्सोलमधून डोके बाहेर काढले की थांबते.

यावर एक सबळ आक्षेप आहे: हात सर्जनचाच असेल, तर एवढ्या महागड्या यंत्राने रुग्णाला काय मिळाले? गुदाशयाच्या कर्करोगावरच्या ‘रोलार’ चाचणीत ४७१ रुग्ण होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, दुर्बिणीची शस्त्रक्रिया सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोमुळे लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि रुग्णालयांच्या जाहिरातींनी तो झाकू नये. पण यंत्र नवा निर्णय आणत नसेल, तर निकाल मुख्यतः निर्णय घेणाऱ्यावर ठरणार, हे या आकड्यांशी जुळतेच. दुसरा आक्षेप ताजा आहे. २०२२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या ‘स्टार’ यंत्राने डुकरांच्या आतड्यांना बहुतांशी स्वतःच टाके घातले. मऊ, हलणाऱ्या अवयवावर हे साधले, म्हणजे हाडाची मर्यादा ओलांडली गेली. मात्र त्याला दिलेले काम एकच होते, आणि टाक्यांच्या आराखड्याला संमती देणारा माणूस तिथेही बसलेला होता.