दृष्टिदोषाचे लेसर-निराकरण : प्रकार, पात्रता आणि व्यवसाय

१. विषय व परिभाषा

प्रस्तुत विवेचनाचा विषय लेसर किरणांनी केले जाणारे दृष्टिदोषाचे निराकरण हा आहे. व्यवहारात यास ‘नंबर काढण्याचे ऑपरेशन’ म्हणतात. विवेचनाचे क्षेत्र म्हणून सुरतेच्या दक्षिण भागातील बमरोली, पांडेसरा आणि उधना हा सलग पट्टा घेतला आहे. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून सुरतेस आलेल्या मराठी कुटुंबांचा मोठा समुदाय या बाजूस स्थिरावला आहे. त्यांची उपजीविका लूम, डाइंग मिल, एम्ब्रॉयडरी आणि घरबसल्या होणारे साडीचे काम यांवर चालते. या सर्व कामांत डोळा हे मुख्य साधन आहे. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार येथे व्यवसायाच्या विचारापासून वेगळा करता येत नाही.

प्रथम तीन संज्ञा निश्चित करू.

(१) वक्रीभवनशक्ती : प्रकाशकिरण वळवून एकत्र आणण्याची डोळ्याची क्षमता. ती डायॉप्टरमध्ये मोजतात. विश्रांत डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यांपैकी सुमारे ४३ डायॉप्टर पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची असते, उरलेली नेत्रभिंगाची.

(२) दृष्टिदोष : ही शक्ती आणि डोळ्याची लांबी यांचा मेळ न बसल्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलावर स्पष्ट न पडणे.

(३) निराकरण : पारपटलाची वक्रता बदलून प्रतिमा दृष्टिपटलावर आणणे.

तिसऱ्या व्याख्येतून दोन उपसिद्धान्त निघतात. पहिला, लेसरने डोळ्याची लांबी बदलत नाही. म्हणून लांब डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा जो अधिक धोका असतो, तो नंबर गेल्यानंतरही राहतो. दुसरा, लेसर नेत्रभिंगास स्पर्श करीत नाही. म्हणून भिंगाचे वयोमानाने होणारे बदल यथाक्रम होतच राहतात.

२. दोषांचे प्रकार

दृष्टिदोष चार प्रकारचे आहेत.

(१) निकटदृष्टिता : डोळा लांब असल्याने प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. प्रौढ डोळ्याची सर्वसाधारण लांबी २४ मिलिमीटर धरल्यास एक मिलिमीटर वाढीने सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा दोष येतो. येथे पारपटलाचा मध्यभाग सपाट करावा लागतो.

(२) दूरदृष्टिता : प्रतिमा दृष्टिपटलाच्या पलीकडे पडते. मध्यभाग उंचावण्यासाठी त्याभोवतीचे कडे कमी करावे लागते. यात दोष अंशतः परतण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने उपचाराची मर्यादा अरुंद आहे.

(३) अबिंदुकता : परस्परांना लंब असलेल्या दोन अक्षांवर वक्रता भिन्न असते. येथे विशिष्ट अक्षावरील वक्रता बदलावी लागते.

(४) वृद्धदृष्टिता : चाळिशीच्या आसपास नेत्रभिंग लवचीकता गमावते आणि जवळचे दिसेनासे होते. दोष भिंगात असल्याने पारपटलावरील लेसर त्याचे मूळ दूर करीत नाही. एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवण्याची तडजोड करता येते. परंतु ती सर्वांना मानवत नाही.

३. किरणांचे प्रकार

पारपटलावर दोन प्रकारचे लेसर वापरले जातात, आणि त्यांचे कार्य भिन्न आहे.

(१) एक्सायमर लेसर : तरंगलांबी १९३ नॅनोमीटर, म्हणजे अतिनील. हे किरण ऊतकातील रेणूंचे बंध तोडतात. प्रत्येक स्पंदाने सुमारे पाव मायक्रॉन थर निघून जातो आणि शेजारच्या ऊतकास उष्णतेची इजा जवळजवळ होत नाही. सजीव ऊतक असे कोरता येते, हे मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवले. १९८३ मध्ये नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांच्या सहयोगाने ते पारपटलावर सिद्ध झाले.

(२) फेम्टोसेकंद लेसर : तरंगलांबी एक हजार नॅनोमीटरहून थोडी अधिक, म्हणजे अवरक्त. हे किरण पृष्ठभाग न भेदता ठरलेल्या खोलीवर सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतात. लगतचे बुडबुडे जुळून छेद तयार होतो. अशा अतिलघु स्पंदांची तीव्रता वाढवण्याच्या पद्धतीसाठी जेरार मूरू व डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सारांश, एक्सायमर ऊतक काढतो आणि फेम्टोसेकंद ऊतक छेदतो. पुढील सर्व पद्धती या दोन क्रियांच्या निरनिराळ्या योजनांतून निर्माण झाल्या आहेत.

४. पद्धतींचे प्रकार

(१) पृष्ठ-पद्धती, पीआरके : पारपटलाचे सुमारे ५० मायक्रॉन जाडीचे बाह्य आवरण दूर करून त्याखाली एक्सायमर चालवतात. आवरण पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे तीन ते पाच दिवस, डोळ्यावर संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस वेदना व पाणी येणे स्वाभाविक आहे. दृष्टी स्थिरावण्यास आठवडे लागतात. मोठ्या नंबरात पारपटलावर धूसरपणा येण्याचा संभव असतो. तो कमी करण्यासाठी मायटोमायसिन नावाचे औषध लावतात.

(२) पापुद्रा-पद्धती, लॅसिक : यांत्रिक पात्याने किंवा फेम्टोसेकंदाने सुमारे ९ मिलिमीटर व्यासाचा पापुद्रा कापून उलटतात, त्याखाली एक्सायमर चालवतात आणि पापुद्रा परत बसवतात. वेदना अल्प, बहुधा दुसऱ्या दिवशी दृष्टी कामापुरती येते. ग्रीसमधील आयोआनिस पॅलिकारिस यांनी १९९० च्या सुमारास ही रीत रूढ केली. तिच्या मर्यादा दोन : पापुद्र्याबरोबर पारपटलाच्या चेतातंतूंचा मोठा भाग कापला जाऊन काही महिने डोळे कोरडे पडतात, आणि जोराचा मार लागल्यास पापुद्रा वर्षांनंतरही सरकू शकतो.

(३) चकती-पद्धती, स्माइल : एक्सायमर वापरला जात नाही. फेम्टोसेकंदाने पारपटलाच्या आत भिंगाच्या आकाराची चकती तयार करून २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून ती बाहेर काढतात. पापुद्रा नसल्याने तो सरकण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि चेतातंतू कमी कापले जातात. ही पद्धती २०११ पासून व्यापक वापरात आली. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. दूरदृष्टितेसाठी तिचा वापर अद्याप मर्यादित आहे. उरलेला नंबर पुन्हा काढायचा झाल्यास त्याच मार्गाने दुसरी चकती सहसा काढत नाहीत. पृष्ठ-पद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो.

या तिन्हींत कालक्रम आहे, पण श्रेष्ठतेचा क्रम नाही. अंतिम दृष्टीच्या बाबतीत योग्य डोळ्यात तिन्हींचे फळ जवळपास सारखे येते. कोणत्या डोळ्यास कोणती योग्य, हे ठरवणारे प्रमाण पुढील भागात दिले आहे.

५. ऊतकाचा हिशेब

पारपटलाच्या मध्याची जाडी सामान्यतः ५०० ते ५५० मायक्रॉन असते, आणि काढलेले ऊतक परत येत नाही. निकटदृष्टितेत ६ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात प्रत्येक डायॉप्टरमागे सुमारे १२ मायक्रॉन ऊतक खर्ची पडते. क्षेत्र मोठे घेतल्यास खर्च व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिलकीचे दोन मान्य निकष आहेत : (अ) पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन, आणि अनेक शल्यविशारदांच्या मते ३०० मायक्रॉन, ऊतक उरावे, (आ) पापुद्रा व कोरलेला भाग मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून अधिक होऊ नये.

उदाहरण पहिले : जाडी ५४०, नंबर उणे ४. पापुद्रा ११०, कोरीव भाग ४८. खाली उरतात ३८२ मायक्रॉन; बदललेला भाग सुमारे २९ टक्के. दोन्ही निकष पूर्ण होतात, आणि पद्धतीची निवड अन्य विचारांवर सोडता येते.

उदाहरण दुसरे : जाडी ४७०, नंबर उणे ८. पापुद्रा ११०, कोरीव भाग ९६. खाली उरतात २६४ मायक्रॉन. बदललेला भाग सुमारे ४४ टक्के. पहिला निकष कसाबसा पूर्ण होतो, दुसरा भंगतो. याच डोळ्यात पृष्ठ-पद्धतीने आवरणाचे ५० व कोरीव ९६ वजा जाता ३२४ मायक्रॉन उरतात. शिल्लक वाढली, तरी नंबर मोठा असल्याने धूसरपणाचा संभव वाढला. अशा डोळ्यात पारपटल अबाधित ठेवून नेत्रभिंगापुढे कृत्रिम भिंग बसवण्याचा, म्हणजे आयसीएलचा, विचार अधिक युक्त ठरतो. डोळ्याच्या पुढील कप्प्यात त्यास पुरेशी जागा असावी लागते.

चकती-पद्धतीत हिशेब थोडा बदलतो. चकती अखंड निघावी म्हणून तिच्या तळाशी १० ते १५ मायक्रॉन जादा जाडी ठेवतात. उलटपक्षी, पारपटलाचे सर्वांत बळकट असे पुढचे थर बहुतांशी अखंड राहतात. म्हणून केवळ मायक्रॉनची तुलना तेथे पुरेशी नाही.

६. अपात्रतेचे प्रकार

(१) तात्पुरती : वय १८ पेक्षा कमी; वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदललेला नंबर; गर्भावस्था व स्तनपान; कोरडे डोळे; डोळ्यांची सक्रिय ॲलर्जी.

(२) कायम : केरॅटोकोनस, म्हणजे पारपटल पातळ होत शंकूसारखे पुढे येण्याचा विकार. त्याची प्रारंभिक अवस्था चष्म्याच्या साध्या तपासणीत कळत नाही. अशा डोळ्यावर लेसर केल्यास आधीच दुर्बल असलेले पारपटल फुगत जाते. नागपूरजवळच्या ग्रामीण भागातील, ३० वर्षांवरील प्रौढांच्या मोठ्या पाहणीत, पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा अधिक हा निकष लावून, केरॅटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के आढळले. पाश्चात्त्य देशांत पूर्वी धरल्या जाणाऱ्या प्रमाणाहून हे पुष्कळ अधिक आहे. म्हणून आपल्या लोकांत पारपटलाच्या पुढील व मागील पृष्ठाचा नकाशा काढल्यावाचून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

(३) विचाराधीन : पारपटलावरील नागिणीचा पूर्वेतिहास, संधिवातासारखे स्वप्रतिरक्षी विकार, अनियंत्रित मधुमेह. येथे निर्णय प्रत्येक रुग्णागणिक वेगळा होतो.

७. व्यवसायानुसार भेद

पात्र ठरलेल्या डोळ्यांत पद्धतीची निवड कामाच्या स्वरूपाने ठरते.

(१) लूम-कारागीर : मजुरी मीटरवर आणि पाळी बहुधा बारा तासांची. पृष्ठ-पद्धतीत आठवडाभराची मजुरी जाते, हा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चात धरला पाहिजे. धूळ व धाग्याच्या कणांनी डोळे चोळण्याची सवय लागलेली असल्यास तपासणी दुप्पट काळजीने करावी. डोळे चोळणे आणि केरॅटोकोनस यांचा संबंध सुविदित आहे.

(२) डाइंग-प्रिंटिंग मिलचा कामगार : वाफ, उष्णता व रसायनांच्या वाफा यांनी अश्रूंचा थर लवकर सुकतो. येथे अश्रूंची तपासणी निर्णायक आहे.

(३) जवळच्या कामाचे कारागीर : एम्ब्रॉयडरी, धागा कटिंग, साडीवर टिकली व स्टोन लावणे, हिऱ्याचे पैलू पाडणे. उणे ३ नंबर असलेल्या व्यक्तीस चष्मा काढताच ३३ सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते. अडतीस वर्षांची स्त्री याच अंतरावर साडी धरून टिकली लावत असेल, तर तिचा नंबर हीच तिची जवळची दृष्टी आहे. लेसरनंतर दूरचा चष्मा जाईल आणि थोड्याच वर्षांत कामासाठी जवळचा चष्मा लागेल. हे आधी सांगितले गेले आणि तिने ते समजून स्वीकारले, तरच संमती खरी.

(४) भरतीचे उमेदवार : संरक्षण दलांत शस्त्रक्रियेचे वय, झालेला काळ व उरलेली जाडी यांविषयी अटी असतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदास लॅसिक किंवा नंबर काढण्याची कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणून जाहिरात आधी वाचावी, तारीख नंतर घ्यावी.

८. प्रक्रियेचे टप्पे

(१) विराम : तपासणीपूर्वी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक ते दोन आठवडे व कठीण लेन्स तीन ते चार आठवडे बंद; अन्यथा पारपटलाचा आकार चुकीचा मोजला जातो.

(२) तपासणी : बाहुली विस्फारून नंबर, पारपटलाचा नकाशा व जाडी, अश्रू, अंधारातील बाहुलीचा व्यास, दृष्टिपटल.

(३) निर्णय : नकाशा समोर ठेवून शिलकीचा आकडा विचारून घ्यावा. आरोग्यविम्यात ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी दृष्टिदोषाचा उपचार प्रमाण अपवादांत मोडतो, हेही येथेच पाहावे.

(४) शस्त्रक्रिया : बधिर करणाऱ्या थेंबांखाली, काही मिनिटांत.

(५) अनुपालन : थेंब वेळेवर, डोळे चोळणे वर्ज्य, ठरलेल्या भेटी, आणि मूळ नंबर मोठा असल्यास दरवर्षी दृष्टिपटलाची तपासणी. शस्त्रक्रियेपूर्वीचे सर्व कागद जन्मभर जपावेत. पुढे मोतीबिंदू झाल्यास कृत्रिम भिंगाची शक्ती काढताना मूळ वक्रतेचे आकडे उपयोगी पडतात; त्यांच्या अभावी गणित चुकण्याचा संभव वाढतो.

९. निष्कर्ष

(१) पद्धतीची निवड यंत्राच्या नवेपणावरून अथवा किमतीवरून करणे अशास्त्रीय आहे. ती उरणाऱ्या ऊतकाची जाडी व बळ यांवरून प्रथम आणि व्यवसायावरून नंतर करावी. (२) हा क्रम उलटल्यास कोणतीही पद्धती धोकादायक ठरते. पाळल्यास तिन्ही पद्धती आपापल्या क्षेत्रात निर्धोकतेच्या जवळ येतात. (३) ज्या तपासणीने शस्त्रक्रिया नाकारली, त्या तपासणीचे फळ पूर्ण मिळाले असे मानावे. केरॅटोकोनस वेळीच कळल्यास क्रॉस-लिंकिंग उपचाराने त्याची वाढ बहुधा थांबवता येते, आणि चष्मा हा दृष्टिदोषाचा संपूर्ण व निरुपद्रवी उपाय आजही आहे. ज्या कुटुंबाची कमाई एका डोळ्यांच्या जोडीवर चालते, त्यास हा नकार शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा आहे.