गोरेपणाचा दाखला

अमेरिकेतील भारतीयांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात बहुधा 1965 नंतर तिकडे गेलेले डॉक्टर व अभियंते, त्यांची महाराष्ट्र मंडळे आणि मायदेशाविषयीची त्यांची हुरहूर एवढेच चित्र असते. त्याआधीची पन्नास-साठ वर्षे या चित्रातून निसटून जातात. त्या वर्षांतला एक खटला आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. वंश नावाची गोष्ट समाजात कशी घडवली जाते, हे त्यातून स्पष्ट दिसते. शिवाय त्या खटल्यात जातीचा आधार घेण्यात आला होता. म्हणून तो केवळ अमेरिकेच्या इतिहासाचा भाग राहत नाही, आपल्याही इतिहासाचा होतो.

अमेरिकेच्या काँग्रेसने 1790 साली नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. परदेशातून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचे असेल तर तो 'स्वतंत्र गोरा' असावा, अशी अट त्यात होती. यादवी युद्धानंतर, 1870 मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही हा हक्क मिळाला. म्हणजे दारे दोन झाली, एक गोऱ्यांचे आणि दुसरे काळ्यांचे. चिनी, जपानी, सीरियन किंवा भारतीय माणसाने कोणत्या दाराशी उभे राहावे, हे कायदा सांगत नव्हता. ते ठरविण्याचे काम न्यायालयांवर येऊन पडले. कायद्याचे अभ्यासक इयन हॅनी लोपेझ यांनी 1878 ते 1952 या काळातील असे 52 खटले मोजले आहेत. त्यांपैकी एक अपवाद वगळता सर्व अर्जदारांनी आपण गोरे आहोत असेच प्रतिपादन केले. वास्तविक दुसरे दार कायद्याने तितकेच उघडे होते. परंतु त्या दारातून आत गेल्यावर कोणते जिणे वाट्याला येते, हे बोटीतून उतरलेल्या माणसाला कळायला फार दिवस लागत नसत.

या खटल्यांतील एक अर्जदार मुंबईचे होते. भिकाजी बलसारा हे कापसाचे पारशी व्यापारी. 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना गोरे ठरविले आणि 1910 मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला. मात्र पहिला निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांनी आपली शंका लपविली नव्हती. आज पारशाला आत घेतले तर उद्या अफगाण, अरब आणि हिंदू यांनाही घ्यावे लागेल, ही त्यांची चिंता होती.

त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी मजूर लाकूड कापण्याच्या गिरण्यांत राबत होते. त्यांतील बहुतेक शीख होते. पण अमेरिकी भाषेत हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण 'हिंदू'च असे. 4 सप्टेंबर 1907 रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने या मजुरांना घरांतून ओढून काढून गावाबाहेर हाकलले. 1917 च्या कायद्याने आशियाच्या फार मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी केली, त्यात हिंदुस्थानही होता.

भगतसिंग थिंद 1913 साली अमेरिकेत गेले. ऑरेगन राज्यातील लाकडाच्या गिरणीत त्यांनी काम केले आणि 1918 मध्ये ते अमेरिकी सैन्यात भरती झाले. अंगावर गणवेश असतानाच त्यांना नागरिकत्व मिळाले. चार दिवसांत ते काढूनही घेण्यात आले. 1920 मध्ये ते पुन्हा मिळाले, तेव्हा सरकारने दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे थिंद यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. ते स्वतः 1914 मध्ये अमेरिकेचे नागरिक झालेले होते.

थिंद यांचा खटला निकालात निघण्याच्या तीन महिने आधी याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळला होता. ओझावा वीस वर्षे अमेरिकेच्या भूमीवर राहिलेले होते आणि त्यांच्या घरात इंग्रजी बोलली जात असे. त्यांच्या कातडीच्या उजळपणाचाही मुद्दा मांडला गेला. न्यायालयाने सांगितले, प्रश्न कातडीच्या रंगाचा नाही, वंशाचा आहे. गोरा म्हणजे कॉकेशियन. मग थिंद यांची बाजू बळकट झाली असे वाटणे स्वाभाविक होते. कारण तत्कालीन मानववंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातील लोकांना कॉकेशियन आणि आर्य म्हणत होते.

याच ठिकाणी जात पुढे आली. थिंद हे उच्चवर्णीय हिंदू आणि शुद्ध रक्ताचे आहेत, जातीच्या विवाहबंधनांमुळे हे रक्त शतकानुशतके निर्भेळ राहिले आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. त्यापुढची पायरी अधिक बोलकी आहे. गोरा अमेरिकन माणूस काळ्यांशी विवाहसंबंध जसा त्याज्य मानतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडील आदिवासींशी तो त्याज्य मानतो, असे न्यायालयाला सांगण्यात आले. ज्या पंथाने जातिभेद नाकारला त्या पंथाच्या एका शिखाच्या वतीने हे मांडले जात होते! आम्हीही तुमच्यासारखाच भेद पाळतो, म्हणून आम्ही तुमचेच, असा याचा सरळ अर्थ होतो.

19 फेब्रुवारी 1923 रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच ओझावा यांचा निकाल लिहिला होता आणि हाही त्यांनीच लिहिला. त्यांनी आता शास्त्र बाजूला सारले. गोरा कोण हे सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ठरवायचे आणि त्या समजुतीत हिंदू बसत नाही, असे त्यांनी म्हटले. जातीच्या नियमांनीही रक्ताची सरमिसळ पूर्णपणे थांबली नाही, असेही त्यांनी नोंदविले. शास्त्र सोयीचे होते तेव्हा शास्त्र, अडचणीचे झाले तेव्हा लोकसमजूत! हे सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले स्थलांतरित होते. त्यांना मात्र असला कोणताही दाखला द्यावा लागला नव्हता.

या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई यांना मालमत्ता विकावी लागली आणि स्वदेशी जाऊन येण्यासाठी अमेरिकी पारपत्रही मिळाले नाही. ब्रिटिश सत्तेचे प्रजानन त्यांनी मागे टाकले होते, आता नवा देशही गेला. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंडित यांच्यावरही सरकारने खटला भरला, तो मात्र ते 1926 मध्ये जिंकले. ते गोरे आहेत की नाहीत, या वादावर हा विजय उभा नव्हता. एकदा अधिकृतपणे दिलेले आणि ज्याच्या भरवशावर माणसाने आयुष्य उभे केले ते नागरिकत्व इतक्या वर्षांनी काढून घेता येणार नाही, या तत्त्वावर तो उभा होता.

थिंद यांना आज दोष देणे सोपे आहे. कायद्यानेच प्रश्न असा घातला होता की, त्याला प्रामाणिक उत्तर देणे अशक्य व्हावे. परंतु हा युक्तिवाद काही रातोरात तयार झालेला नव्हता. आर्यवंशाचा अभिमान आपल्या सुशिक्षित वर्गात रुजलेला होता. लोकमान्य टिळकांनी वेदांतील आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ शोधणारा ग्रंथ 1903 मध्ये प्रसिद्ध केला होता. आर्य हा शब्द भाषेचा वाचक आहे, रक्ताचा नव्हे, असे मॅक्समुल्लर यांनी 1888 मध्येच बजावले असले तरी ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

याच्या नेमके विरुद्ध टोक जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'त सापडते. 1873 मधील हे पुस्तक त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. फुल्यांनीही आर्यांच्या आगमनाची कथा स्वीकारली होती. पण तिच्यातील जेत्यांशी नाते न सांगता त्यांनी जितांशी सांगितले. वर्गात ही अर्पणपत्रिका शिकविताना तिच्याकडे केवळ कृतज्ञतेचा उद्गार म्हणून पाहिले जाते. पन्नास वर्षांनंतरच्या थिंद खटल्याशेजारी ती ठेवली की तिचे मोल कळते. अमेरिकेकडे पाहणाऱ्या हिंदी माणसाला दोन नाती उपलब्ध होती, आणि फुल्यांनी कोणते निवडले ते त्या पानावर लिहिलेले आहे.

डॉ. आंबेडकर आणखी पुढे गेले. कोलंबिया विद्यापीठात 1916 मध्ये वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्यांनी जातीचे मूळ वंशभेदात शोधणे नाकारले. जातीबाहेर विवाहाला बंदी, हाच त्यांच्या मते जातीचा गाभा होता. 1946 मध्ये शूद्रांविषयीच्या ग्रंथात त्यांनी आर्यवंशाचा सिद्धान्तच मोडीत काढला. थिंद यांच्या वकिलांनी ज्या विवाहबंदीला शुद्धतेचा पुरावा म्हणून पुढे केले, तीच आंबेडकरांच्या दृष्टीने सर्व रोगाचे मूळ होती. त्याच 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती.

थिंद यांना अखेर नागरिकत्व मिळाले ते 1936 मध्ये, पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे. 1946 मध्ये भारतीयांना वर्षाला 100 जणांचा कोटा आणि नागरिक होण्याचा हक्क मिळाला. 1952 मध्ये नागरिकत्वासाठीची वंशाची अट गेली. आणि 1965 चा जो कायदा आपल्या डॉक्टर-अभियंत्यांना तिकडे घेऊन गेला, तो नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या हवेत संमत झाला. ज्यांच्यापासून आपण वेगळे आहोत असे 1923 मध्ये शपथेवर सांगितले गेले, त्यांच्या लढ्यानेच ते दार रुंद केले.

21 फेब्रुवारी 2023 रोजी सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. थिंद यांच्या निकालाला तेव्हा शंभर वर्षे आणि दोन दिवस झाले होते. जात ही अमेरिकेत उगाच उकरून काढलेली गोष्ट आहे, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. ती तेथे कोणी उकरून काढलेली नाही. ती आपणच, आपल्या हिताचा पुरावा म्हणून, तेथील सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेली आहे.